खिडकी, जेवणानंतर

आधी मोठ्या सिस्टरांचं सांगतो, मग बाकीचं. मी आज पुण्यात आहे, दोन वेळा जेवतो, गावी आईला फोन करून 'बरं चाललंय' म्हणतो आणि ते खरं असतं, याला कारण त्या. आमच्या हॉस्पिटलच्या त्या मुख्य परिचारिका. पेठेतल्या जुन्या मुसलमान घरातल्या, वडिलांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. बोलणं मात्र असं, की समोरच्याला आपला अपमान झाल्याचं घरी पोचल्यावर कळावं. त्यांनी माझ्यावर उपकार केले असं तोंडावर म्हटलं, तर म्हणतील, "उपकार? मी तर तुला खिडक्या पुसायला लावल्या." तेही खरंच आहे. पण त्या खिडक्यांनीच मला इथे ठेवलं.

मी किनवटकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली आणि शाळेनेही फारसं अडवलं नाही. गावातल्या एका बांधकामाच्या टोळीबरोबर पुण्याला आलो, धायरीला. तिथे हॉस्पिटल बांधायचं चाललं होतं. मी आधी वाळू चाळली, मग गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवायला शिकलो. उन्हाने स्लॅब तापू नये म्हणून अख्खी गच्ची पांढरी करायची होती. दुपारी तिथे काम करताना डोळे असे दिपायचे, की खाली उतरल्यावर मुकादमसुद्धा हिरवा दिसायचा.

या इमारतीची कल्पना एका आर्किटेक्ट बाईंची. कोथरूडहून स्कूटरवर यायच्या, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटच्या आत ओढणी. त्यांचं म्हणणं, हॉस्पिटलं वीज पितात, रात्रंदिवस एसी आणि दिवे, आणि बाहेरच्या हवेची जी वाट लावतात ती निराळीच. आपलं हॉस्पिटल कमी विजेवर चालणार, कमी कार्बनचं होणार. कार्बनशी माझा संबंध शेगडीतल्या कोळशापुरता, त्यामुळे मी मान डोलावली. एसी फक्त ऑपरेशनच्या खोलीत आणि अतिदक्षता विभागात. बाकी वॉर्डांना समोरासमोर खिडक्या, वर झरोके, पूर्वेला विटांची जाळी आणि मधोमध उंच चौक. संध्याकाळी बाहेर गार झालं की खिडक्या उघडायच्या. रात्रभर गार हवा खिडक्यांतून आत येणार, भिंती गार करणार आणि गरम हवा घेऊन चौकातून वर निघून जाणार. सकाळी ऊन चढलं की खिडक्या बंद, पडदे ओढलेले. गार झालेल्या भिंती दुपार काढून देतात.

उद्घाटनाला बाई म्हणाल्या, "ही इमारत श्वास घेते." टाळ्या झाल्या. आता श्वास घेते म्हटल्यावर तिचं नाक साफ ठेवायला कुणीतरी हवं. ते काम मला मिळालं. टोळी पुढच्या साइटवर गेली. मी पुसायला आणि झाडायला लाजत नाही म्हणून हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरसाहेबांनी मला ठेवून घेतलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक खोली दिली. काम काय, तर सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या संध्याकाळी उघडायच्या, सकाळी लावायच्या, जाळ्यांतली धूळ काढायची आणि डासांच्या जाळीला भोक पडलं तर शिवायचं.

सोपं वाटतं. तसं मलाही वाटलं होतं.

मी घाबरट माणूस आहे. कुणी "जरा इकडे ये" म्हटलं की मी मनात पिशवी भरायला लागतो. पुण्यात माझं कुणी नव्हतं आणि गावी परत गेलो तर काय करायचं हे माहीत नव्हतं. त्यामुळे मला काम टिकवायचं होतं. आणि काम टिकवायचं तर खिडक्या उघडायला हव्या होत्या. पण आपल्या माणसाला आजारी माणसाजवळची खिडकी उघडी दिसली, की तो आधी ती लावतो आणि मग पेशंटला विचारतो, कसं वाटतंय.

वारं लागतं. सगळ्यांना लागतं. ताप असेल तर लागतं, पाय मोडला असेल तरी लागतं. एप्रिलच्या उकाड्यात वॉर्डभर कानटोप्या असायच्या. वरच्या झरोक्यांत नातेवाइकांनी वर्तमानपत्रं कोंबलेली, विटांच्या जाळीवर टॉवेल, चादरी, एकदा तर कुणाचं अख्खं धोतर वाळत. मी संध्याकाळी खिडकी उघडून पुढच्या कॉटला जाईपर्यंत मागची लावलेली असायची. आणि गंमत म्हणजे हीच मंडळी दुपारी बाराला, ऊन ऐन रंगात आलेलं असताना, "फार कोंदतंय" म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडायची. म्हणजे इमारत ज्या पद्धतीने वापरायची, त्याच्या बरोबर उलट. रात्री बाटलीला बूच आणि दुपारी भट्टीला दार.

कोथरूडचे एक निवृत्त आजोबा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. त्यांची खिडकी उघडायला गेलो तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपण कोण? हवामान खातं?"

मी घाबरलो की माझ्या तोंडून गावची भाषा निघते. म्हटलं, "खिडकी उघडूलालो, आजोबा."

"ते दिसूलालंय," ते म्हणाले. "लावा."

मी लावली.

सोलरच्या गरम पाण्याचीही तीच कथा. पाणी पेशंटांसाठी, पण बघायला आलेले पाहुणे "आलोच आहोत तर" म्हणून अंघोळी उरकून जायचे. त्या भांडणात मी पडलो नाही. माझी भांडणं मला पुरत होती.

सगळ्यात मोठं भांडण बाळंतिणीच्या खोलीत. धायरीतल्याच एका घरातली सून तिथे होती. बाळंतपण अवघड गेलं, म्हणून तिला बरेच दिवस ठेवलेलं. तिच्याजवळ सासूची सासू बसायची. या आजींच्या घरच्या रानातच आमचं हॉस्पिटल उभं राहिलं. जमीन विकून नातवांनी गाड्या घेतल्या, आजींनी काही घेतलं नाही, फक्त हक्क ठेवला. "हितं आमचा हरभरा व्हायचा," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, डॉक्टरसाहेबांनाही, इंजेक्शन देत असतानासुद्धा. मी खिडकीला हात लावला की म्हणायच्या, "आमच्याच रानात येऊन आम्हाला वारं शिकवतोय व्हय रं? बाळंतिणीला बाधलं तर तू येणार हाईस का शेकायला?"

एका संध्याकाळी त्यांनी घरून शेगडी मागवली. भाजीच्या पिशवीत, वर मेथीची जुडी ठेवून. खिडक्या बंद, झरोक्यात वर्तमानपत्र, दाराखाली साडी गुंडाळून ठेवलेली. मग निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून सून आणि पणतू दोघांना धुरी सुरू केली. खोली धुराने भरली. छतावरच्या धूर ओळखणाऱ्या यंत्राने आपलं काम केलं. अख्ख्या हॉस्पिटलात घंटा वाजायला लागली. सलाइनच्या बाटल्या हातात धरून लोक चौकात उतरले. कोथरूडचे आजोबा नवीन गुडघ्यावर वॉकरने सगळ्यांच्या पुढे. आजी शेवटी आल्या, पणतवाला छातीशी धरून, शेगडी सुनेच्या आईच्या हातात देऊन. चौकभर बघत म्हणाल्या, "एवढं काय झालंय?"

कुणाला काही झालं नाही. पण डॉक्टरसाहेब चिडले आणि माणूस चिडला की त्याला जवळचं कुणीतरी लागतं. "खिडक्या तुझ्याकडे ना?" ते मला म्हणाले. "मग बंद कशा?"

मनातली पिशवी भरून झाली, नाडीसुद्धा बांधली.

दुसऱ्या दिवशी एसीच्या कंपनीचा माणूस आला. सगळ्या वॉर्डांना एसी लावायचे, खिडक्या कायमच्या बंद करायच्या आणि बाहेरची यंत्रं गच्चीवर ठेवायची, असं ठरत होतं. गच्चीवर सपाट सावलीची जागा एकच, माझी खोली. त्याने टेप काढली, माझ्या खाटेवरून इकडून तिकडे धरली, मान हलवली आणि म्हणाला, "बसतील आरामात." मला विचारलं, "ही खाट कुणाची?" मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, "हलवायला लागेल." एवढ्या सभ्यपणे मला आजवर कुणी काढलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये बैठक होती. चहा न्यायला मला बोलावलं, आणि कप ठेवून झाल्यावर जा म्हणायला कुणाला सुचलं नाही, म्हणून मी उभा राहिलो. आर्किटेक्ट बाई हेल्मेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सांगत होत्या, इमारत बरोबर आहे, लोक वापरत नाहीत. डॉक्टरसाहेब म्हणत होते, लोक कसे असतात हे बदलायला मी डॉक्टर झालो नाही, वॉर्ड तापतोय एवढं मला कळतं.

मोठ्या सिस्टर कोपऱ्यात बसल्या होत्या. बशीतला चहा संपवला आणि बाईंना म्हणाल्या, "तुमची इमारत छान आहे हो. फक्त तिच्यात माणसं राहणार आहेत, हे कुणीतरी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

मग डॉक्टरांकडे वळल्या. "तुम्ही पाऊस सुरू होईपर्यंत थांबा."

"पाऊस आला की उकाडा असाही जाईल, सिस्टर."

"मग थांबण्यात तुमचं काय जातंय?"

डॉक्टरसाहेबांनी कॅलेंडर पाहिलं. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "आणि याचं काय?"

"हा उद्यापासून माझ्याबरोबर राउंडला."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, सिस्टर, मला औषधातलं काही कळत नाही. त्या चालता चालता म्हणाल्या, "ते पेशंटला सांगू नकोस म्हणजे झालं. हे बघ, तू खिडकी उघडायला जातोस म्हणून ते भांडतात. आपली माणसं डॉक्टरशी भांडतील, बिलाशी भांडतील, पण गोळीशी भांडत नाहीत. कडू असली तरी डोळे मिटून गिळतात. उद्यापासून तू खिडकी उघडायची नाहीस, द्यायची."

मला भीती वाटली, की हे खोटं बोलणं होतंय. तसं म्हटलंही. तेव्हा त्या थांबल्या. "खोटं काय त्यात? बंद खोलीत एकाला खोकला झाला की तो सगळ्या वॉर्डाला मिळतो. मोकळी हवा हे औषधच आहे. केमिस्टकडे मिळत नाही म्हणून कुणी मानत नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मला पांढरा अंगरखा मिळाला. संध्याकाळची जेवणं झाली की औषधाची ट्रॉली निघायची. पुढे मोठ्या सिस्टर, मागे मी. प्रत्येक कॉटशी त्या ताप बघायच्या, गोळी द्यायच्या, पाणी प्यायला लावायच्या आणि त्याच सुरात म्हणायच्या, "खिडकी." मी खिडकी उघडायचो. सकाळचा चहा-नाश्ता झाला की पुन्हा तोच फेरा. गोळी, पाणी, "खिडकी". मी लावायचो आणि पडदा ओढायचो. मधे कुणी हात लावला तर सिस्टर फक्त विचारायच्या, "डोस अर्धा का घेतलात?"

पहिल्या संध्याकाळी एका नातेवाइकाने घाबरत घाबरत विचारलं, "सिस्टर, ही हवा जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

"नंतर," सिस्टर म्हणाल्या. "आणि सकाळी चहानंतर बंद. दुपारी अजिबात नाही, पित्त होतं."

कोथरूडच्या आजोबांनी चष्मा खाली करून माझ्या अंगरख्याकडे पाहिलं. "बढती झाली वाटतं हवामान खात्याची," म्हणाले. पण खिडकी उघडी ठेवली. दोन दिवसांनी मला उशीर झाला तर त्यांनी बेल वाजवून सिस्टरांना बोलावलं. का, तर "माझी हवा राहिलीय." शेजारच्या कॉटवाल्याने लगेच विचारलं, याला आपल्यापेक्षा जास्त वेळ हवा का देतात, याचं बिल जास्त आहे का?

आठवड्याभरात दुपारी वॉर्डात शिरलं की फरशी पायाला गार लागायला लागली. भिंतीला हात लावला तर माठाला लावल्यासारखा. कानटोप्या निघाल्या. मी मात्र रोज संध्याकाळी वर जाऊन खाट जागेवर आहे का बघायचो.

राहिली बाळंतिणीची खोली. तिथे सिस्टरांचा डोस चालला नाही. आजी म्हणाल्या, "गोळी सुनंला द्या, खिडकी तुमच्या घरी न्या." ती खोली चौकाच्या वाऱ्याच्या ऐन वाटेवर होती. ती बंद राहिली की त्या बाजूच्या सगळ्या खोल्या कोंदायच्या. महिनाअखेर जवळ आलेली आणि डॉक्टरसाहेब फेरीला त्याच बाजूने यायचे.

सिस्टर भांडल्या नाहीत. शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, धुरी बंद करा असं मी म्हणतच नाही. पण इथे ऑक्सिजनची नळी आहे, निखारा खोलीत नको. शेगडी चौकात मांडून देते. बाळाचे कपडे, सुनेची ओढणी, सगळं तिथे धुपवा. मी स्वतः निखारे फुलवते."

आजींना हे अपेक्षित नव्हतं. खाली आल्या. चौकाच्या मधोमध शेगडी, आजी पाटावर, सिस्टर पुठ्ठ्याने वारा घालतायत. मोठ्या सिस्टर, ज्यांना बघून डॉक्टर सिगारेट लपवतात, त्या. आजींनी ओवा टाकला. धूर उठला, घुटमळला, खालीच पसरला आणि व्हरांड्यात शिरायला लागला. मी घंटेकडे बघत उभा.

सिस्टरांनी वर न बघता मला म्हटलं, "जा, आजींच्या खोलीची खिडकी उघड. आणि झरोक्यातला पेपर काढ."

मी धावलो. खिडकी उघडली, पेपर ओढला आणि परत कठड्याशी येऊन खाली पाहिलं. धूर व्हरांड्यातून मागे फिरला. हळूहळू चौकाच्या मधोमध गोळा झाला आणि सरळ उभा राहून वर निघाला, गच्चीच्या पुढे, आकाशात. आजी मान वर करून बघत राहिल्या. हातातलं झबलं तसंच धरलेलं.

"हे ओढतंय की," त्या म्हणाल्या. "धुराडंच हाय हे. मंग आधी बोलायचं न्हाई का?"

मग त्यांनी एकच शंका काढली, वारं बाळंतिणीच्या अंगावरून जाणार का. सिस्टरांनी त्यांना वर नेलं, कॉट खिडकीसमोरून भिंतीकडे सरकवली, खिडकीचं खालचं दार अर्धं लावलं आणि उदबत्ती पेटवून धूर सुनेच्या डोक्यावरून झरोक्याकडे जाताना दाखवला. आजींनी सुनेचे कान ओढणीने बांधले, तेवढा त्यांचा मान. खिडकी उघडी राहिली.

त्यानंतर झालं ते मला फार सोसलं नाही. आजींनी धुराड्याची मालकी घेतली. रान त्यांचं, हरभरा त्यांचा, आता वाराही त्यांचा. जेवणं झाली की काठी घेऊन मजलाभर फिरायच्या. "ए, तुमची खिडकी का बंद हाय? धुराडं पडंल ना बंद." ज्या माणसांनी मला हवामान खातं म्हटलं होतं, ती आजींना बघून उठून खिडक्या उघडायची. मला नवीनच काळजी लागली, की माझं काम एसी नाही, आजीच घेणार. सिस्टरांना बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "घाबरू नकोस. त्यांना पगार देणं कुणाला परवडणार नाही."

महिनाअखेर आली. भर दुपारी एसीचा माणूस शेवटचा हिशेब घेऊन हजर झाला. डॉक्टरसाहेब ऑपरेशनमध्ये होते, म्हणून त्याला व्हरांड्यातल्या बाकावर, विटांच्या जाळीशेजारी बसवलं. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं. तो आधी कागद चाळत होता, मग कॉलरचं बटण काढलं, मग टेकला. डॉक्टरसाहेब बाहेर आले तेव्हा तो घोरत होता, तोंड उघडं, कागद छातीवर. मोठ्या सिस्टर ट्रॉली घेऊन तिथूनच चालल्या होत्या. थांबल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "झोपू द्या, गार हवेची सवय नसेल."

डॉक्टरसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, भिंतीला हात लावून बघितला. मग मला हाक मारली, "जरा इकडे ये." मी गेलो, पिशवी भरतच. ते म्हणाले, "उठला की चहा दे आणि पाठव. सांग, पुन्हा कधीतरी." दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "आणि तुझ्या खोलीचा पंखा आवाज करतो म्हणे. दुरुस्त करून घे."

पंख्याचं मी कुणालाच बोललो नव्हतो. फक्त सिस्टरांना, तेही जाता जाता.

आता मी इथे देखभालीचं सगळं बघतो. अंगरखा अजून आहे, काखेत उसवलेला. संध्याकाळच्या फेरीत नवीन सिस्टर "खिडकी" म्हणतात, नवीन मुलगा उघडतो, आणि आर्किटेक्ट बाई बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन येतात तेव्हा तो फेरा दाखवतात. आजींच्या पणतवाचं जावळ मुंजीसारखं धूमधडाक्यात झालं आणि त्यात आजींनी मला पहिल्या पंगतीला बसवलं. त्यांच्या नातवाच्या गाडीत बसून गेलो, काचा बंद, एसी चालू.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. कोंढव्यात वरच्या मजल्यावर राहतात, डोक्यावर थेट गच्ची. मागच्या उन्हाळ्यात ईदला शीरखुर्मा खायला गेलो होतो. स्लॅब इतका तापलेला, की पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. ज्यांनी अख्खं हॉस्पिटल गार केलं त्या वर्तमानपत्राने वारा घेत बसलेल्या. मी छताकडे बघत म्हटलं, सिस्टर, तुमच्या गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले की फरक पडेल, मला येतं ते काम. त्या म्हणाल्या, "आमच्या सोसायटीचे चेअरमन गच्चीवर कबुतराला बसू देत नाहीत, तुला देतील?"

नाही देणार. मला चेअरमनांची आत्तापासून भीती वाटते. पण आजींपेक्षा ते अवघड नसावेत. त्यांच्या दारावर जेवणं झाल्यावर जाईन, अंगरखा घालून. एक ना एक दिवस सिस्टरांची गच्ची मी पांढरी करणार, स्वतःच्या हाताने, तुकड्याला तुकडा लावून. आणि त्या संध्याकाळी खाली येऊन त्यांच्या घरात उभा राहून मी म्हणणार, "खिडकी."